गॉस्पेल ऐकायचंय? मागच्या आवाजांपासून सुरुवात करा

पहिल्या दिवशी माझी टाळीच चुकली. लहानपणापासून आळीतल्या भजनात टाळ धरलेला, हाताला समेची सवय. एक-दोन-तीन-चार मोजलं की हात एकवरच पडणार. आणि हेडफोनमधली सगळी मंडळी दोनवर आणि चारवर टाळी देत होती, तीही अशी एकजुटीनं की माझा हात मध्येच लटकून राहिला.

म्हणून गॉस्पेल, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं चर्चमधलं भक्तिगायन, ऐकायला बसणार असाल तर गायकांची नावं पाठ करण्याआधी एवढं करा. मध्यम लयीतलं कुठलंही गाणं लावा. पायानं एक आणि तीन धरा, हातानं दोन आणि चार. दहा मिनिटांत जमतं. जमलं की शरीर आपोआप डुलायला लागतं, आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये माणसं बाकांवर गप्प का बसत नाहीत ते विचारावं लागत नाही.

दुसरी गोष्ट कानाची. आपण गाणं ऐकतो म्हणजे पुढच्याचा गळा ऐकतो. गॉस्पेलमध्ये तेवढ्यानं भागत नाही. कीर्तनात बुवांनी चरण म्हणायचा आणि मागच्या टाळकऱ्यांनी ध्रुपद उचलायचं असतं; बुवांचा आवाज कितीही गोड असला तरी मागची मंडळी मेलेली असतील तर कीर्तन पडतं, हे देवळात वाढलेल्या कुणालाही ठाऊक आहे. इथंही तसंच. पुढचा हाक देतो, मागचा ओ देतो. ओ देणारा कधी कॉयर, म्हणजे चर्चमधला गाणाऱ्यांचा ताफा, असतो, कधी पियानो, कधी गिटार, कधी तिसऱ्या बाकावरच्या एखाद्या आजी. माझ्या मते नवख्यानं सगळं लक्ष या ओ देणाऱ्याकडे ठेवावं. गॉस्पेलनं जगाच्या संगीतावर जो ठसा उमटवला, तोही बराचसा याच वाटेनं.

खाली सहा बैठका आहेत. एका संध्याकाळी एकच. प्रत्येक बैठकीत गाणी शक्यतो जोडीनं ऐका, एक चर्चमधलं आणि एक बाहेरचं. यूट्यूबवर सगळी सापडतात. हेडफोनपेक्षा स्पीकर बरा, आणि घरात कुणी टाळी द्यायला असेल तर आणखी बरं.

आधी नावांचा घोळ मिटवू

‘गॉस्पेल’ म्हणून शोधलं की तीन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात. पहिली, स्पिरिच्युअल्स. गुलामगिरीच्या काळातली, कर्त्याचं नाव नसलेली गाणी. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाची फिस्क ज्युबिली सिंगर्स ही मंडळी १८७१ मध्ये संस्थेसाठी पैसा उभा करायला दौऱ्यावर निघाली आणि त्यांनी ही गाणी जगापुढे नेली. १८७३ मध्ये त्यांनी इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीपुढे गायन केलं. त्याच १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नाही, पण मला ती तारीख विसरता येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे आपला विषय: १९३० नंतर शिकागोसारख्या शहरांत वाढलेलं, लिहिणाऱ्याचं नाव असलेलं, ब्लूजचं, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चबाहेरच्या सुखदुःखाच्या गाण्यांचं, रक्त अंगात असलेलं कृष्णवर्णीय गॉस्पेल. तिसरी, दक्षिणेतल्या गोऱ्या मंडळींचं चौकडी-गायन. तेही ऐकण्याजोगं आहे, पण आज ते बाजूला ठेवा.

आणि शब्दांची थोडी शिदोरी. ‘जॉर्डन’ आलं की ती नुसती नदी नाही. पलीकडे मुक्ती आहे. पैलतीर म्हटल्यावर आपल्याला जसं फोड करून सांगावं लागत नाही, तसं. मोशे आणि फारो म्हणजे गुलाम आणि मालक. लाझरस म्हणजे मेलेला माणूस हाकेसरशी उठून चालू लागला ती गोष्ट. एवढ्यावर निम्मी गाणी उलगडतात.

बैठक पहिली: ब्लूजवाल्याची प्रार्थना

थॉमस डॉर्सी हे नाव आधी घ्यायचं. जन्म १८९९, जॉर्जियातलं व्हिला रिका हे गाव. बाप धर्मोपदेशक, मुलगा मात्र ‘जॉर्जिया टॉम’ या नावानं मा रेनीसारख्या ब्लूज गायिकेला पियानोची साथ करणारा. १९२८ मध्ये टॅम्पा रेड या गिटारवाल्याबरोबर त्यानं ‘इट्स टाइट लाइक दॅट’ नावाचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. चावट गाणं आहे, फडावर शोभेल असं. तेच आधी ऐका. हसू येईल, येऊ द्या.

मग लावा ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’. माणूस तोच.

मधली गोष्ट अशी. ऑगस्ट १९३२. डॉर्सी एका धर्मसभेसाठी सेंट लुईसला गेलेला. बायको नेटी शिकागोत, दिवस भरलेले. तिथं त्याला तार आली की बाळंतपणात नेटी गेली. तो घरी पोचला. पाठोपाठ मूलही गेलं. काही दिवसांनी पियानोपुढे बसला असताना जुन्या एका स्तोत्राच्या चालीवर त्याच्या तोंडून हे शब्द आले. अर्थ अगदी साधा आहे: दमलोय, थकलोय, हात धर आणि घरी ने.

सुरुवातीला शिकागोतल्या मोठ्या चर्चना हे प्रकरण रुचलं नाही. पाश्चात्त्य वळणाचं शिस्तीतलं गायन तिथं प्रतिष्ठेचं होतं, आणि हा दारूच्या गुत्त्यातला पियानो देवासमोर आणत होता. डॉर्सीनं चिकाटी सोडली नाही. पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्याचा कॉयर उभा राहिला, सॅली मार्टिन या खमक्या बाईनं त्याच्या छापील गाण्यांचा विस्कटलेला हिशेब ताळ्यावर आणला, आणि गाणी सुट्या कागदांवर छापून विकली जाऊ लागली.

जोडीचं गाणं: ‘पीस इन द व्हॅली’. डॉर्सीनं ते १९३७ मध्ये लिहिलं, आणि ६ जानेवारी १९५७ ला एल्व्हिस प्रेस्लीनं एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात ते गायलं. ज्याच्या कंबरेवरून अमेरिकेतले आईबाप धास्तावले होते, तो पोरगा त्या रात्री हात जोडल्यासारखा उभा राहून एका कृष्णवर्णीय चर्च-संगीतकाराचं गाणं गातोय. एल्व्हिसला स्पर्धेतून मिळालेले तिन्ही ग्रॅमी पुरस्कार त्याच्या धार्मिक गायनालाच मिळाले आहेत, रॉक अँड रोलला एकही नाही.

बैठक दुसरी: महालिया

हिच्यासाठी मोकळा वेळ ठेवा.

महालिया जॅक्सन, जन्म १९११, न्यू ऑर्लिन्स. आई लवकर गेली, मावशीनं वाढवलं. घरची माणसं बॅप्टिस्ट, गाणं संथ आणि सोज्वळ. पण शेजारीच दुसऱ्या पंथाचं छोटं चर्च होतं, जिथं ढोल, झांज, डफ आणि पायांचा ठेका याशिवाय प्रार्थना होतच नसे. मुलगी घरचं शिकली आणि शेजारचं ऐकत राहिली. शिवाय बेसी स्मिथच्या ब्लूजच्या तबकड्या होत्याच. तरुणपणी शिकागोला आली, कपडे धुण्याची कामं केली, पुढं स्वतःचं ब्यूटी पार्लर काढलं. एकदा चार डॉलर भरून गायनाच्या शिकवणीला गेली, तर मास्तरांनी सांगितलं, हे आरडणं बंद कर. ती पुन्हा गेली नाही. डॉर्सीची गाणी रस्त्याच्या कोपऱ्यावर गाऊन दाखवायची आणि कागद विकायचे, हे काम तिनं बरीच वर्षं केलं.

आधी ऐका ‘मूव्ह ऑन अप अ लिटल हायर’. १९४७ मध्ये ध्वनिमुद्रित झालेलं, मेम्फिसचे धर्मोपदेशक हर्बर्ट ब्रूस्टर यांनी लिहिलेलं. तबकडीच्या दोन्ही बाजू भरून आहे, कारण एका बाजूत ते मावेनाच. बाजारात आलं आणि दुकानांना माल पुरेना. लय बघा: बाई ठरलेल्या मात्रेच्या किंचित मागे राहतात, मग एकदम पुढे येऊन शब्द पकडतात. वरच्या सुरावर जाताना दम दिसत नाही, पण खाली उतरताना मुद्दाम खरखर ठेवतात. गोड गाण्याचा मोहच नाही.

मग १९५८ चं न्यूपोर्ट महोत्सवातलं ‘डिडन्ट इट रेन’. इथं महालियाकडे अर्धंच लक्ष द्या. उरलेलं अर्धं पियानोवर बसलेल्या मिल्ड्रेड फॉल्सच्या डाव्या हाताकडे. महालिया ओळ सोडते आणि श्वास घेते, त्या फटीत फॉल्स जे काही करते त्यावर पुढची ओळ उभी राहते. इतकी वर्षं साथ करूनही या बाईंचं नाव फार थोड्यांना माहीत आहे. साथीदारांचं हे नशीब आपल्याकडेही काही वेगळं नाही.

महालिया नाइट क्लबमध्ये कधी गायली नाही, ब्लूज गाण्यासाठी पैशाचे ढीग दाखवले तरी नाही. मात्र तिचा आवाज गेला तिथं गेलाच. २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनच्या मोर्चात लिंकन स्मारकापुढे ती गायली आणि नंतर मार्टिन ल्यूथर किंग बोलायला उभे राहिले. लिहून आणलेलं भाषण चालू असताना मागून महालिया ओरडली की मार्टिन, त्यांना त्या स्वप्नाबद्दल सांग. जवळ असलेल्यांनी ही आठवण नंतर सांगितली आहे. किंगनी हातातला कागद सोडला, आणि पुढचं भाषण सगळ्यांना माहीत आहे. मला त्यात राजकारणाइतकंच गॉस्पेल दिसतं. या वेळी ओ देणारी ती होती.

आणि हो, ती मुंबईत गाऊन गेली आहे. १९७१ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या वतीनं तिचा भारत दौरा झाला: कोलकाता, दिल्ली, मद्रास, मुंबई. दिल्लीत इंदिरा गांधींशी भेट झाली. पुढच्या वर्षी जानेवारीत ती गेली. घरातल्या किंवा ओळखीतल्या कुणी ज्येष्ठांनी ती मैफल ऐकली असेल तर त्यांना आजच फोन करा, ही माझी कळकळीची विनंती.

बैठक तिसरी: गिटारवाली सिस्टर

१९६४, मँचेस्टर. बंद पडलेलं एक रेल्वे स्टेशन टीव्हीवाल्यांनी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या स्टेशनासारखं सजवलंय. एका फलाटावर तरुण इंग्रज प्रेक्षक, मध्ये रूळ, पलीकडच्या फलाटावर गाणारे. पाऊस पडतोय. घोडागाडीतून जाडसा कोट घातलेल्या, पन्नाशीला टेकलेल्या बाई उतरतात, गळ्यात पांढरी इलेक्ट्रिक गिटार अडकवतात आणि सुरू करतात: ‘डिडन्ट इट रेन’. काय तो पाऊस पडला!

या सिस्टर रोझेटा थार्प. हे गाणं महालियाचं ऐकल्यावर लगेच ऐका. याहून चांगली जोडी मला माहीत नाही. महालियाला ओ द्यायला पियानो होता. रोझेटाला ओ देते तिचीच गिटार. दोन कडवी झाली की ती गाणं सोडते आणि तारांना बोलू देते, त्यातही एक सूर ओढून-ताणून असा काढते की इलेक्ट्रिक गिटार पुढं ज्यांनी हातात घेतली त्यांचं मूळ कुठं आहे ते लक्षात यावं.

जन्म १९१५, आर्कान्सामधलं कॉटन प्लांट. चर्च ऑफ गॉड इन ख्राइस्ट या पंथात वाढली, जिथं वाद्यांना मज्जाव नव्हता. आईबरोबर लहानपणापासून गावोगाव गात हिंडली. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये गेली आणि त्याच वर्षी डेक्का कंपनीसाठी ‘रॉक मी’ ध्वनिमुद्रित केलं. तेही मुळात डॉर्सीचं. चर्चमधली मंडळी भडकली. देवाचं गाणं नाचणाऱ्या मुलींच्या पुढ्यात? हा वाद तिच्या आयुष्यभर संपला नाही. १९४५ मध्ये बाजारात आलेलं ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ जरूर ऐका. रॉक अँड रोलची सुरुवात कुठून, या भांडणात हे गाणं पुरावा म्हणून हमखास येतं. १९५१ मध्ये वॉशिंग्टनच्या बेसबॉल मैदानावर तिनं तिकीट लावून स्वतःचं लग्न केलं आणि वीस हजारांवर माणसं आली. लग्नाच्या पोशाखातच तिनं गिटार वाजवली.

जॉर्जियातल्या मेकनमध्ये तिनं एका पोराला गाताना ऐकलं आणि स्टेजवर बोलावलं. तो पोरगा म्हणजे पुढचा रॉक अँड रोल गायक लिटल रिचर्ड. इथं एक छोटी वाट आडबाजूला जाते, ती चुकवू नका. फिलाडेल्फियाच्या वॉर्ड सिंगर्समध्ये मॅरियन विल्यम्स नावाची गायिका होती. टिपेला जाऊन ती एक ‘वू’ सोडायची. तो ‘वू’ लिटल रिचर्डनं उचलला, आणि त्याच्याकडून लिव्हरपूलच्या चार पोरांनी. बीटल्सचं ‘शी लव्ह्ज यू’ लावा, मान हलवत ते ‘वू’ करतात तिथं थांबा, आणि लगेच वॉर्ड सिंगर्सचं ‘शुअरली गॉड इज एबल’. हेही ब्रूस्टर यांचंच.

रोझेटा १९७३ मध्ये गेली. तिच्या कबरीवर कित्येक वर्षं नावाचा दगडही नव्हता. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं तिला घेतलं २०१८ मध्ये.

बैठक चौथी: चौकडी म्हणतात, असतात पाच

पुरुषांचे हे गट ‘क्वार्टेट’ म्हणवतात आणि मोजायला गेलं तर पाच-सहा जण निघतात. चार सुरांची बांधणी, म्हणून ते नाव. सोल स्टिरर्स, डिक्सी हमिंगबर्ड्स, स्वॅन सिल्व्हरटोन्स, आणि टॅलाडेगाच्या अंध मुलांच्या शाळेतून निघालेले ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा. वाद्यं अगदी कमी. खालच्या सुरावर एक आवाज खांबासारखा उभा असतो. तोच ढोल, तोच बास.

इथं सॅम कुकपासून सुरुवात करा. क्लार्क्सडेल, मिसिसिपी इथला जन्म, शिकागोत वाढलेला, विशीत सोल स्टिरर्सचा मुख्य गायक. १९५५ मध्ये लॉस एंजेलिसच्या श्राइन सभागृहातलं ‘निअरर टू दी’ ऐका. स्टुडिओतला सॅम रेशमासारखा. इथं त्याचा गळा फाटायला येतो आणि समोरच्या बाया किंचाळतात. मग १९५७ चं ‘यू सेंड मी’. शब्द प्रेयसीला, गळा चर्चचा. ते सोडून गेल्याबद्दल अनेकांनी त्याला माफ केलं नाही.

पण माझी आवडती जोडी वेगळी. १९६२ चं ‘ब्रिंग इट ऑन होम टु मी’. सॅम ओळ म्हणतो आणि मागून दुसरा आवाज, लू रॉल्सचा, फक्त होकार भरतो. तोही गॉस्पेल गटातूनच आलेला. तो दुसरा आवाज मनातल्या मनात काढून टाकून बघा. गाण्यात काय उरतं? बरं गाणं उरतं, एवढंच.

आणखी एक गंमत. स्वॅन सिल्व्हरटोन्सच्या १९५९ च्या ‘मेरी डोन्ट यू वीप’मध्ये क्लॉड जीटर पातळ चोरट्या आवाजात जाता जाता एक ओळ टाकतो, माझ्या नावावर भरवसा ठेवलास तर खोल पाण्यावर मी तुझा पूल होईन अशा अर्थाची. ती ओळ पॉल सायमनच्या कानात राहिली आणि त्यातून ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’ झालं. हे गाणं कॉलेजच्या गिटारवाल्या पोरांनी आपल्याकडेही किती वेळा वाजवलंय!

सोल गायक रे चार्ल्सचा मामला तर उघड आहे. ‘आय गॉट अ वूमन’ची चाल सदर्न टोन्स या गॉस्पेल गटाच्या ‘इट मस्ट बी जीझस’वरून. देवाच्या जागी बाई घातली की सोल संगीत तयार, असं कुणी थट्टेनं म्हटलं तर मी फारसा वाद घालणार नाही.

बैठक पाचवी: दोन रात्री

या बैठकीत एकच गोष्ट ऐकायची, पण पूर्ण. ॲरेथा फ्रँकलिन, ‘अमेझिंग ग्रेस’. १३ आणि १४ जानेवारी १९७२, लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातलं न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्च. ॲरेथा तेव्हा सोलची राणी, हिट गाण्यांची रांग. ती तिथं परत गेली जिथून निघाली होती: वडील सी. एल. फ्रँकलिन हे डेट्रॉइटचे नामांकित धर्मोपदेशक, घरी महालिया, वॉर्ड सिंगर्सची क्लारा वॉर्ड अशांची ये-जा. मावशीच्या अंत्यविधीला क्लारा वॉर्डनं डॉर्सीचं ‘पीस इन द व्हॅली’ गाता गाता डोक्यावरची हॅट काढून जमिनीवर फेकली, तेव्हाच आपण गायचं ठरवलं, असं ती सांगायची.

पियानोवर आणि सूत्रधार म्हणून जेम्स क्लीव्हलंड, जो लहानपणी डॉर्सीच्याच चर्चमध्ये गायचा. मागे सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी कॉयर.

पहिल्यांदा ‘मेरी डोन्ट यू वीप’ घ्या. कॉयर हळूहळू चालत राहतो, घाई नाही. मग ॲरेथा लाझरसची गोष्ट सांगायला लागते, कीर्तनकार आख्यान लावतो तशी. लाझरसला नावानं हाक मारते. तीनदा. तिन्ही वेळा सूर वेगळा, आणि प्रत्येक हाकेला मागची माणसं जशी उसळतात ते ऐकून खुर्चीत बसवत नाही.

नंतर शीर्षकाचं गाणं. जवळजवळ अकरा मिनिटं, आणि शब्द बघितले तर दोन कडवी. विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला याचं नवल वाटू नये. शब्दाचं एकेक अक्षर घेऊन ती वळसे घालते, थांबते, पुन्हा मागे येते. ठेका जवळपास नाहीच. आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवणाऱ्या अण्णांना मी हे ऐकवलं. इंग्रजीचा गंध नाही. डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, “हा मध्येच बोलतोय तो कोण रे?” मी म्हटलं, कोणी नाही, ऐकायला आलेला असेल. “ऐकायला आलेला कसा? त्याच्याशिवाय ती पुढं जात नाहीये.” मला हे कळायला दोन वर्षं लागली होती.

त्या दोन रात्रींचं चित्रीकरणही झालं होतं, पण दृश्याआधी क्लॅपची पाटी न मारल्यामुळे आवाज आणि चित्र जुळेना. चित्रपट बाहेर आला तो २०१८ मध्ये. मिळाला तर बघाच. शीर्षकगीत चालू असताना क्लीव्हलंड पियानोपासून उठून बाजूला बसतो आणि रुमालात तोंड लपवून रडतो. दुसऱ्या रात्री वडील उठून पियानोवर गाणाऱ्या लेकीच्या कपाळावरचा घाम पुसतात. ती गायचं थांबत नाही. मागच्या गर्दीत रोलिंग स्टोन्सचा मिक जॅगरही आहे, पण त्याच्याकडे बघायला सवड कुणाला?

ध्वनिमुद्रणानंतर दोन आठवड्यांत महालिया गेली. शिकागोतल्या अंत्यविधीला ॲरेथानं ‘प्रेशस लॉर्ड’ गायलं. चार वर्षांपूर्वी किंग यांच्या अंत्यविधीला तेच गाणं महालियानं गायलं होतं.

बैठक सहावी: उरलेलं, भराभर

एडविन हॉकिन्सचं ‘ओ हॅपी डे’, १९६९ मध्ये गाजलेलं. अठराव्या शतकातलं स्तोत्र, बर्कलीच्या एका चर्चमध्ये तरुणांच्या कॉयरनं गायलेलं. हे ऐकूनच बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनला ‘माय स्वीट लॉर्ड’ सुचलं. त्यातला कॉयर नीट ऐका: हालेलुया म्हणता म्हणता हरे कृष्णवर येतो आणि शेवटाकडे ‘गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः’. शिकागोहून निघालेली रीत फिरत फिरत आपल्या शाळेच्या प्रार्थनेपर्यंत आली.

स्टेपल सिंगर्स: बाप पॉप्स स्टेपल्सची थरथरती गिटार आणि मुलगी मेव्हिसचा जाड, खालचा आवाज. ‘अनक्लाउडी डे’ रात्री दिवे घालवून ऐका. शर्ली सीझर ऐका ती तिच्या गोष्ट सांगण्याच्या ढंगासाठी. व्हिटनी ह्यूस्टनची आई सिसी ह्यूस्टन न्यूअर्कच्या न्यू होप बॅप्टिस्ट चर्चमध्ये कॉयर सांभाळायची. लेकीच्या गळ्यातल्या ज्या मुरक्या आज आपल्या रिॲलिटी शोमधली मुलंसुद्धा काढू बघतात, त्यांची तालीम तिथली. मुरकी उचलली, ओ देणारा मात्र राहून गेला, असं मला ते शो बघताना वाटतं. मायकल जॅक्सनच्या ‘मॅन इन द मिरर’मागचा कॉयर अँड्रे क्राउचचा. आणि कर्क फ्रँकलिनचं १९९७ चं ‘स्टॉम्प’ जिममध्येही चालेल. मला त्याचं सगळंच आवडतं असं नाही. पण तरुण मुलांना चर्चमध्ये नाचवलं ते त्यानं.

प्रत्यक्ष जायचं असेल तर

शिकागो, डेट्रॉइट, अटलांटा, न्यू जर्सी इथं राहणारी आपली मंडळी खूप आहेत, आणि बहुतेकांनी रविवारी सकाळी अशा चर्चचं दार उघडून बघितलेलं नसतं. न्यू ऑर्लिन्सच्या जॅझ महोत्सवात गॉस्पेलचा वेगळा तंबू असतो, शिकागोत गॉस्पेल महोत्सव भरतो, नॅशव्हिलमध्ये २०२१ पासून आफ्रिकन अमेरिकन संगीताचं मोठं संग्रहालय आहे. सगळं चांगलं. पण चर्च ते चर्च.

जाताना नीटनेटके कपडे घाला. तिथं माणसं ठेवणीतले कपडे घालून येतात, जीन्समध्ये तुम्हीच ओशाळाल. पोटात काहीतरी टाकून जा, कारण कार्यक्रम दोन-अडीच तास सहज चालतो आणि प्रवचन रंगलं तर आणखी. मधून उठून जाऊ नका. मोबाइल खिशात. दानाचं ताट फिरेल, त्यात काही टाका. सगळे उभे राहिले की उभे राहा. जमल्यास बाजूला बसा, जिथून हॅमंड ऑर्गन वाजवणाऱ्याचे हात दिसतात: पास्टरचं बोलणं गाण्याकडे झुकायला लागलं की त्याच्या प्रत्येक वाक्यामागे ऑर्गनचा एक तुकडा येतो, आणि बोलणं कधी संपलं, गाणं कधी सुरू झालं ते सांगता येत नाही.

बऱ्याच ठिकाणी पाहुण्यांना उभं राहून नाव सांगायला लावतात. लाजू नका, नाव आणि गाव एवढं सांगा. आडनाव त्यांना पहिल्या फटक्यात म्हणता येणार नाही. दोनदा विचारतील, मग सगळे मिळून एकदम म्हणून बघतील.